नव्या प्रक्रियेची जोखीम : चिप-उद्योगातील एका विलंबाचा बोध

(व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील संगणक, आरोग्य केंद्रातील रक्तदाब मोजणारे यंत्र, वीजमंडळाचा नवा मीटर आणि प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल या साऱ्यांच्या मुळाशी आज अर्धसंवाहक चिप आहे. हा उद्योग आपल्या देशात रुजावा यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. गुजरातमधील धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या तंत्रसाहाय्याने कारखाना उभारीत आहे. तेथील प्रक्रिया २८ ते ११० नॅनोमीटर या श्रेणीतील असतील. हे वाचताच अनेकांच्या मनात एक प्रश्न येतो. जगातील अग्रेसर कारखाने ३ नॅनोमीटर आणि त्याच्याही पुढे गेले असताना आपण २८ पासून आरंभ का करावा? नवीनतम तेच का घेऊ नये?

प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी, ज्या कंपनीजवळ पैसा, अनुभव आणि बुद्धिमत्ता यांपैकी कशाचीही वाण नव्हती, त्या अमेरिकेतील इंटेल कंपनीला नवी प्रक्रिया अंगीकारताना काय सोसावे लागले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

चिपचा उतारा

साखर कारखान्याशी संबंध असलेल्या कोणाही व्यक्तीस ‘उतारा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ऊस तेवढाच, मजुरी तेवढीच, इंधनही तेवढेच. परंतु उतारा घसरला की कारखान्याचा सारा हिशेब कोलमडतो. चिपच्या कारखान्याचे गणितही याच एका शब्दाभोवती फिरते.

चिप एकेकटी तयार होत नाही. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या चकतीवर शेकडो चिपा एकाच वेळी घडविल्या जातात. चकतीवर थर चढवावयाचा, त्यावर प्रकाशाच्या साहाय्याने आकृती उमटवावयाची, नको असलेला भाग कोरून काढावयाचा, स्वच्छ करावयाचे आणि पुन्हा पुढचा थर चढवावयाचा, असे हे काम चालते. आधुनिक प्रक्रियेत अशा पायऱ्यांची संख्या हजाराच्या घरात जाते. अखेरीस चकती कापली जाते आणि तिच्यातील ज्या चिपा निर्दोष ठरतील, त्यांचाच पैसा होतो.

आता थोडा हिशेब करून पाहू. समजा, हजार पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीवर हजारांत केवळ एक चिप बिघडते. ऐकावयास हे प्रमाण क्षुल्लक वाटते. परंतु हजार पायऱ्यांच्या अखेरीस शंभरांपैकी सुमारे ३७ चिपाच चांगल्या उरतात. बिघडण्याचे प्रमाण दहा हजारांत एक इतके खाली आणले, तर सुमारे ९० चांगल्या उरतात. कारखाना नफ्यात की तोट्यात, हे इतक्या सूक्ष्म फरकावर ठरते.

चिपच्या आकारमानाचाही यात मोठा वाटा असतो. चकतीवर दर दोन चौरस सेंटिमीटरमागे सरासरी एक दोष असेल, तर एक चौरस सेंटिमीटरच्या चिपांपैकी शेकडा ६० निर्दोष निघतात. चार चौरस सेंटिमीटरच्या चिपांपैकी मात्र शेकडा १३ ते १४ एवढ्याच वाचतात. चकती तीच आणि दोषही तेवढेच. परंतु मोठ्या चिपेवर दोष पडण्याचा संभव अधिक.

नव्या प्रक्रियेत आरंभी उतारा नेहमीच कमी असतो. दोष शोधावयाचा, कारण निश्चित करावयाचे, उपाय योजावयाचा आणि पुन्हा चकती सोडावयाची, अशा रीतीने तो हळूहळू वाढवावा लागतो. अद्ययावत प्रक्रियेत एक चकती सर्व पायऱ्या पार करून बाहेर पडण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे आज केलेल्या दुरुस्तीचे संपूर्ण फळ दिसावयास एक ऋतू लोटावा लागतो. शेतकऱ्याला ही गोष्ट परिचित आहे. पेरणीत चूक झाली, तर ती सुधारण्याची संधी पुढच्या हंगामातच मिळते.

यशाची परंपरा

इंटेलची स्थापना १९६८ मध्ये झाली. तिचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्येच एक निरीक्षण मांडले होते. एका चिपेवर मावणाऱ्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाते, असा त्याचा आशय होता. १९७५ मध्ये त्यांनी हा काळ दोन वर्षांचा धरला. इंटेलने या निरीक्षणालाच जणू आपले वेळापत्रक मानले. एका वर्षी नवी उत्पादन-प्रक्रिया आणि दुसऱ्या वर्षी त्याच प्रक्रियेवर चिपचा नवा आराखडा, अशी आळीपाळीची पद्धत तिने २००७ च्या सुमारास जाहीरपणे स्वीकारली.

या पद्धतीत एक शहाणपण होते. प्रक्रिया नवी असेल तेव्हा आराखडा परिचित ठेवावयाचा आणि आराखडा नवा असेल तेव्हा प्रक्रिया परिचित ठेवावयाची. त्यामुळे काही बिघडले, तर दोष कोठे आहे हे चटकन कळत असे.

प्रक्रियेतील सुधारणांतही हाच संयम दिसतो. २००३ मध्ये ९० नॅनोमीटरच्या टप्प्यावर इंटेलने ताण दिलेले सिलिकॉन वापरात आणले. २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या टप्प्यावर ट्रान्झिस्टरच्या द्वाराचे साहित्य बदलून धातू आणि हाफ्नियमयुक्त थर आणला. त्या वेळी प्रकाशमुद्रणाची, भिंग आणि चकती यांच्या मध्ये पाणी ठेवण्याची नवी रीत उपलब्ध होत होती. परंतु इंटेलने ती ४५ च्या टप्प्यावर घेतली नाही, पुढच्या ३२ नॅनोमीटरच्या टप्प्यावर घेतली. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या २२ नॅनोमीटरच्या चिपांत ट्रान्झिस्टरची सपाट रचना सोडून उभ्या पाळीसारखी रचना आली. हे सर्व बदल मोठे होते आणि त्यांत इंटेल जगाच्या पुढे होती. तिने नावीन्याला कधी पाठ दाखविली नव्हती. केवळ त्याचे हप्ते पाडले होते.

एका उडीत चार बदल

पुढच्या १४ नॅनोमीटरच्या टप्प्यावर उतारा वाढविण्यास अपेक्षेपेक्षा अधिक काळ लागला आणि त्या चिपा २०१४ मध्ये बाजारात आल्या. टप्प्यांमधील अंतर वाढू लागले होते. ही गती राखण्यासाठी, वेळ अधिक लागला तरी प्रत्येक टप्प्यावर घनतेची उडी अधिक मोठी घ्यावी, असा मार्ग कंपनीने पत्करला. एरव्ही एका टप्प्यावर घनता सुमारे दुप्पट होत असे. १० नॅनोमीटरच्या टप्प्यावर ती २.७ पट करावयाची ठरली. एक चौरस मिलिमीटर जागेत सुमारे १० कोटी ट्रान्झिस्टर बसवावयाचे होते.

या उडीसाठी अनेक नव्या गोष्टी एकाच वेळी आणाव्या लागल्या. पहिली गोष्ट प्रकाशमुद्रणाची. त्या काळी वापरात असलेल्या प्रकाशाची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर होती, आणि उमटवावयाच्या धातूच्या रेषांमधील अंतर ३६ नॅनोमीटर. जाड बोरूने बारीक अक्षर काढावे, तसा हा प्रकार होता. त्यासाठी एका रेषेच्या कडांवरून दोन आणि त्या दोहोंवरून चार रेषा निर्माण करण्याची चौपट रेखाटनाची रीत अवलंबावी लागली. काही थर उमटविण्यास पाच-सहा वेळा रेखाटन करावे लागत होते, हे कंपनीचे तत्कालीन प्रमुख ब्रायन क्रझानिच यांनीच पुढे सांगितले. प्रत्येक रेखाटन म्हणजे वाढीव पायऱ्या, आणि प्रत्येक वाढीव पायरीची उताऱ्यावर काय किंमत पडते, हे वरील हिशेबावरून ध्यानी येईल.

दुसरी गोष्ट धातूची. अतिसूक्ष्म तारांत तांब्याचे अणू विद्युत्-प्रवाहाबरोबर सरकू लागतात आणि तार निकामी होण्याची भीती असते. म्हणून सर्वांत खालच्या दोन थरांत तांब्याऐवजी कोबाल्ट आले. तिसरी गोष्ट जोडणीची. ट्रान्झिस्टरच्या द्वाराला वीज पुरविणारा जोड पूर्वी बाजूस काढीत असत. जागा वाचविण्यासाठी तो आता थेट ट्रान्झिस्टरच्या माथ्यावर आणावयाचा होता. चौथी गोष्ट, शेजारशेजारच्या घटकांमध्ये सोडावयाची मोकळी जागाही निम्म्यावर आणली गेली.

यांतील प्रत्येक कल्पना स्वतंत्रपणे पाहता सयुक्तिक होती. परंतु चारही एकाच चकतीवर उतरल्या, तेव्हा उतारा का घसरतो याचा उलगडा करणे दुष्कर झाले. विहिरीचे पाणी, बियाणे, खत आणि फवारणी एकाच हंगामात बदलली आणि पीक बुडाले, तर दोष कशाचा हे कोणी कसे ठरवावे? येथे तर एका हंगामाचे उत्तर मिळावयास तीन महिने लागत होते.

लांबलेली वाट

१० नॅनोमीटरच्या चिपा २०१६ मध्ये येतील, असे मूळ नियोजन होते. जुलै २०१५ मध्ये ही मुदत २०१७ च्या उत्तरार्धावर गेली. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने मोठ्या प्रमाणावरील उत्पादन २०१९ वर ढकलले. मध्यंतरी २०१८ मध्ये अल्प प्रमाणात जी चिप विक्रीस आली, तिच्यात दोनच गणक-गाभे होते आणि चित्रनिर्मितीचा भाग बंद ठेवलेला होता. खऱ्या अर्थाने मोठे उत्पादन २०१९ मध्ये बाजारात दिसू लागले. नियोजनाहून हा विलंब सुमारे तीन वर्षांचा होता.

या विलंबाची झळ तिहेरी होती. पहिली झळ आराखड्यांना बसली. नवे आराखडे १० नॅनोमीटरच्या प्रक्रियेशी बांधलेले असल्यामुळे ते तयार असूनही खोळंबले. २०१५ मधील आराखडाच किरकोळ सुधारणा करून वर्षामागून वर्षे १४ नॅनोमीटरवर काढावा लागला. एक नवा आराखडा अखेर जुन्या प्रक्रियेवर उलट उतरविण्यात आला, पण त्याला २०२१ साल उजाडले. परतीची वाट आधीच बांधून न ठेवल्याचा हा परिणाम होता.

दुसरी झळ पुरवठ्याला बसली. जी मागणी नव्या कारखान्यांनी पुरवावयाची, ती जुन्या १४ नॅनोमीटरच्या कारखान्यांवर येऊन पडली. २०१८ च्या उत्तरार्धात चिपांचा तुटवडा जाणवू लागला आणि संगणक तयार करणाऱ्या कंपन्यांना त्याचा त्रास झाला.

तिसरी झळ प्रतिष्ठेला बसली. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीने २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसी कारखान्यातून ७ नॅनोमीटरच्या चिपा काढल्या. अ‍ॅपल कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये इंटेलच्या चिपा सोडून, टीएसएमसीकडून घडविलेल्या स्वतःच्या चिपांचे संगणक विक्रीस आणले. नॅनोमीटरचे हे आकडे आज प्रत्यक्ष मापे नसून टप्प्यांची नावे आहेत. इंटेलचा १० आणि टीएसएमसीचा ७ घनतेच्या दृष्टीने जवळजवळ तुल्य होते. फरक एवढाच की, एकाची प्रक्रिया वेळेवर चालली आणि दुसऱ्याची चालली नाही.

काम अधिक अवघड होत चालले असतानाच आपण अधिक महत्त्वाकांक्षी लक्ष्य ठेवले, अशी कबुली कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बॉब स्वान यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे दिली.

पायरीपायरीने

याच काळात टीएसएमसीने काय केले? २०१४ मध्ये २० नॅनोमीटरच्या टप्प्यावर तिने दुहेरी रेखाटन आणले. ट्रान्झिस्टर मात्र जुन्या, सपाट रचनेचाच ठेवला. २०१५ मध्ये १६ नॅनोमीटरच्या टप्प्यावर ट्रान्झिस्टरची उभी रचना आणली. पण वरच्या धातूच्या थरांची जाळी २० नॅनोमीटरचीच कायम ठेवली. त्यामुळे घनता फारशी वाढली नाही, हे ग्राहकांना दिसत होते आणि त्यावर टीकाही झाली. तथापि प्रक्रिया मार्गी लागली.

यापुढचा प्रश्न ईयूव्ही नावाच्या नव्या प्रकाशाचा होता. याची तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर असते. हवा आणि काच दोन्ही हा प्रकाश शोषून घेत असल्यामुळे सारे यंत्र निर्वात ठेवावे लागते आणि भिंगांऐवजी आरसे वापरावे लागतात. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५०,००० वेळा लेझर झोत टाकून हा प्रकाश निर्माण केला जातो. ही यंत्रे जगात केवळ नेदरलँड्समधील एएसएमएल कंपनी तयार करते. टीएसएमसीने एप्रिल २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचे मोठे उत्पादन सुरू केले, ते जुन्याच प्रकाशावर. ती प्रक्रिया स्थिरावल्यानंतर २०१९ मध्ये तिच्याच सुधारित आवृत्तीत मोजक्या थरांपुरता ईयूव्हीचा उपयोग केला, आणि २०२० मध्ये ५ नॅनोमीटरच्या टप्प्यावर त्याचा विस्तार केला.

चिप घडवून घेणाऱ्या ग्राहकालाही हेच धोरण हितावह ठरते. २००९ मध्ये टीएसएमसीच्या ४० नॅनोमीटरच्या प्रक्रियेचा उतारा आरंभी फार कमी होता. एएमडीने त्या वर्षी एप्रिलमध्ये एक मध्यम आकाराची चित्रचिप तीवर काढून अनुभव घेतला आणि सप्टेंबरमध्ये मोठी चिप आणली. एनव्हिडियाची सुमारे ३०० कोटी ट्रान्झिस्टरांची अवाढव्य चिप मार्च २०१० मध्ये आली, तीही ५१२ पैकी ३२ गणक-घटक बंद ठेवून.

न बदलण्याचीही जोखीम

यावरून नवी प्रक्रिया टाळणे हाच सुरक्षित मार्ग आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ग्लोबलफाउंड्रीज कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचे काम थांबविले. तिला जुन्या प्रक्रियांवर व्यवसाय चालविता आला, परंतु अग्रभागी राहू इच्छिणाऱ्या एएमडीसारख्या ग्राहकाला त्या कामासाठी दुसरा कारखाना गाठावा लागला. दुधाने तोंड पोळले म्हणून ताक फुंकून पिणे एक वेळ चालेल. ताक पिणेच सोडून देणे परवडणारे नाही. नवी प्रक्रिया स्वीकारावी किंवा नाही, यापेक्षा ती कोणत्या क्रमाने आणि किती बदलांसह स्वीकारावी, हा खरा प्रश्न आहे.

इंटेलनेही हा धडा गिरविला. चिपेला वीज पुढून न पुरविता पाठीमागून पुरविण्याची नवी रीत आणि ट्रान्झिस्टरची नवी रचना असे दोन बदल पुन्हा तिच्यापुढे आले. त्या वेळी पाठीमागून वीज पुरविण्याची रीत तिने आधी जुन्या, सिद्ध ट्रान्झिस्टरांच्या चाचणी-चिपेवर स्वतंत्रपणे पारखली आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोष आढळला तर तो कोणाचा हे कळावे, हा त्यातील हेतू होता. याच कंपनीची एक जुनी शिस्तही येथे सांगण्याजोगी आहे. एका कारखान्यात सिद्ध झालेली प्रक्रिया दुसऱ्या कारखान्यात नेताना यंत्रांपासून बारीकसारीक मांडणीपर्यंत सारे जसेच्या तसे ठेवावयाचे, असा तिचा दंडक आहे. एखादा बदल निरुपद्रवी वाटला, तरी तो सिद्ध झाल्याखेरीज करावयाचा नाही.

आपल्यापुढील मार्ग

भारताला हा उद्योग अगदीच अपरिचित नाही. पंजाबमधील मोहाली येथे १९८० नंतरच्या दशकात सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या शासकीय कंपनीत चिपांचे उत्पादन सुरू झाले होते. १९८९ मध्ये तेथे मोठी आग लागली आणि वर्षानुवर्षांचा अनुभव खंडित झाला. यंत्रे पुन्हा विकत आणता येतात. पायरीपायरीने साधलेला उतारा विकत आणता येत नाही. आज तीच संस्था सेमीकंडक्टर लॅबोरेटरी या नावाने १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर काम करते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांसाठी असलेला ‘विक्रम’ हा ३२ बिटांचा प्रक्रियक तेथेच घडविण्यात आला आहे. १८० हा आकडा ऐकून कोणी नाक मुरडील. परंतु अग्निबाणाला आवश्यक असते ती विश्वासार्हता, आणि ती या जुन्या प्रक्रियेने दिली आहे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे होते. धोलेरा येथील कारखान्याची नियोजित क्षमता महिन्याला ५०,००० चकत्यांची असून गुंतवणूक सुमारे ९१,००० कोटी रुपयांची आहे. एवढा मोठा कारखाना, नवे मनुष्यबळ, नवी पुरवठा-साखळी, अखंड वीज आणि अतिशुद्ध पाणी, यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट तेथे नव्याने उभी राहावयाची आहे. अशा वेळी निदान प्रक्रिया तरी अन्यत्र सिद्ध झालेली असावी, हे तारतम्य आहे. मोटारगाड्या, घरगुती उपकरणे आणि वीजयंत्रणा यांना लागणाऱ्या बहुसंख्य चिपा २८ नॅनोमीटर वा त्याहून जुन्या प्रक्रियांवरच तयार होतात. त्यामुळे या चिपांना गिऱ्हाईक नाही, अशीही स्थिती नाही. येथे उतारा साधला, माणसे तयार झाली, म्हणजे पुढची पायरी चढता येईल.

कोणतीही नवी पद्धत अंगीकारताना, मग ती कारखान्यात असो वा कार्यालयात, चार प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. ही पद्धत अन्यत्र कोठे सिद्ध झाली आहे काय? एकाच वेळी किती गोष्टी बदलल्या जात आहेत? काही बिघडले, तर दोष कोणत्या बदलाचा हे ओळखता येईल काय? आणि मुदत हुकली, तर काम चालू ठेवण्यासाठी जुनी वाट शिल्लक आहे काय? या प्रश्नांमुळे आरंभी थोडा वेळ अधिक जाईल. परंतु ज्या उद्योगात एका चुकीचे उत्तर तीन महिन्यांनी मिळते आणि चार चुकांचे उत्तर मिळावयास तीन वर्षे लागू शकतात, तेथे हा वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.